छतावरची वीज : तिसऱ्या किलोवॅटला काम काय?

पॅनल धुण्याबद्दल आज लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. बार्शीहून एका शिक्षिकाबाईंचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न माझ्या फार आवडीचा आहे. त्यांचा वापर महिन्याला सरासरी २२० युनिट. सोलरवाला म्हणतो, “तीन किलोवॅटच बसवा मॅडम, ७८ हजारांची पूर्ण सबसिडी पदरात पडेल.” बसवावं का?

आधी बिल हातात घ्या आणि दराचे टप्पे बघा. महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट स्वस्त. १०१ ते ३०० चा टप्पा जवळपास दुप्पट महाग, त्यावरचे टप्पे आणखी चढे. आता छतावर तयार झालेला युनिट यातला कुठला युनिट वाचवतो? नेहमी सगळ्यात वरचा, म्हणजे सगळ्यात महागडा. बचतीचं सगळं गणित इथेच आहे, आणि विक्रेत्यांच्या कोटेशनमध्ये नेमकं हेच नसतं. तिथे सरसकट एक दर धरून गुणाकार केलेला असतो.

आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, महिन्याला १२०. बाईंचे शंभराच्या वरचे युनिटही बरोबर १२० च! पहिला किलोवॅट त्यांचा महाग टप्पा अख्खा पुसून टाकतो. दुसरा उरलेल्या स्वस्त १०० युनिटांवर चालतो. वीज जवळपास तेवढीच, पण पैसे निम्म्याच्या आसपास वाचतात. तिसऱ्याला कामच उरत नाही. सबसिडीही तशीच उतरती आहे: पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार. बाकीचा खर्च घरचा.

“जास्तीची वीज जमा होतेच की,” असं सोलरवाला म्हणेल. होते, पण ३१ मार्चपर्यंतच. त्या दिवशी शिल्लक राहिलेले युनिट कंपनी अगदी किरकोळ दराने घेते आणि खातं शून्यावर येतं. ही तारीख मोठी गमतीची आहे. थंडीत पंखे बंद, ऊन स्वच्छ, त्यामुळे शिल्लक साठते ती नेमकी मार्चपर्यंत. आणि एप्रिलमध्ये सोलापूर जिल्हा तापायला लागतो, कूलर सुरू होतात, तेव्हा खात्यात मागचं काही नसतं. शिवाय कितीही पॅनल लावले तरी स्थिर आकार आणि त्यावरचं वीज शुल्क चुकत नाही. ‘शून्य बिल’ हा शब्द जाहिरातीतच ठेवावा.

मग एकच किलोवॅट? हिशोबाने तसंच दिसतं, पण इतकं लहान काम घ्यायला बरेच जण तयार नसतात. सांगाडा, मीटर, मजूर हा खर्च फारसा कमी होत नाही, म्हणून एक किलोवॅटचा प्रति किलोवॅट भाव चढाच पडतो. त्यामुळे दोन किलोवॅट बसवले तर मी नावं ठेवणार नाही. तीनला मात्र ठेवीन, अपवाद एकच: वापर वाढणार असेल तर. घरात एसी आला, इलेक्ट्रिक स्कूटर आली, की वापर सहज तीनशेपलीकडे जातो आणि वरचे किलोवॅट पुन्हा महाग युनिट वाचवायला लागतात.

बाईंना मी उलटटपाली तेवढंच विचारलंय. सोबत एप्रिल ते मार्च अशा बारा महिन्यांचे वापराचे आकडेही मागवलेत, कारण सरासरीत मे महिना लपून जातो.