माईकशिवायची मारिया

ऑपेरा म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? एक जाडजूड बाई, डोक्यावर शिंगांचा टोप आणि काच फोडणारी किंकाळी. कार्टून बघून माझंही हेच मत झालं होतं. (मी कॉन्व्हेंटवाली, मराठी अधूनमधून घसरेल, सांभाळून घ्या.) शाळेच्या क्वायरमध्ये मी होते खरी, पण टीचरनी मला मागच्या रांगेत उभं करून सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." कारण आवाज गोड नाही. म्हणूनच, जिच्या आवाजाला अनेकांनी सरळ 'कुरूप' म्हटलं, तरी जी विसाव्या शतकातली सर्वांत गाजलेली सोप्रानो ठरली, तिच्याबद्दल कळल्यावर मी तिच्या मागेच लागले. ती म्हणजे मारिया कॅलास.

आधी थोडं टेक्निकल. सोप्रानो म्हणजे बायकांचा सर्वांत वरच्या पट्टीचा आवाज. ऑपेरात माईक नसतो. खाली साठ-सत्तर वाद्यांचा ऑर्केस्ट्रा, समोर दोन-अडीच हजार माणसं, आणि तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला पाहिजे. कसा? नुसतं ओरडून नाही. ऑर्केस्ट्राचा जोर साधारण 500 हर्ट्‌झच्या आसपास असतो, त्याच्या वर तो उतरत जातो. तयारीचे गायक, विशेषतः पुरुष, घसा असा जुळवतात की 3000 हर्ट्‌झच्या आसपास आवाजाला जादा धार येते. तिथे वाद्यं कमी आणि आपला कान सर्वांत तिखट. म्हणजे गर्दीत ओरडण्यापेक्षा रिकामा चॅनल शोधायचा!

सोप्रानोची युक्ती वेगळी. वर गेल्यावर तिचा मूळ स्वरच 700 ते 1000 हर्ट्‌झ असतो. मग ती जबडा उघडून तोंडाची पोकळी त्या स्वराशी जुळवते. बारावीला ट्यूनिंग फोर्क घेऊन नळीतलं पाणी वरखाली करायचो ना, तोच रेझोनन्स. फक्त इथे नळी जिवंत आहे. तोटा असा की वरच्या स्वरांत सगळे शब्द 'आ'सारखेच ऐकू येतात.

आता मारिया. जन्म 1923 चा, न्यूयॉर्कमध्ये, आईवडील ग्रीक. 1937 मध्ये आईबरोबर अथेन्सला गेली आणि तिथे एल्विरा दे हिदाल्गो या स्पॅनिश बाईंकडे शिकली. डोळे इतके अधू की स्टेजवरून कंडक्टरचा हात दिसायचा नाही. म्हणून सगळा ऑपेरा, वाद्यांसकट, पाठ करायची. (आम्ही व्हायवाच्या आदल्या रात्री चार डेफिनिशन पाठ करतो आणि दमतो.)

1949 च्या जानेवारीत व्हेनिसला ती वाग्नरची ब्रुनहिल्ड गात होती. हे अवजड काम, जवळजवळ रोडरोलर चालवण्यासारखं. त्याच वेळी बेल्लिनीच्या 'इ पुरितानी'ची नायिका आजारी पडली. तो रोल म्हणजे नाजूक, झरझर धावणाऱ्या ताना. कंडक्टर सेराफिननी मारियाला उभं केलं. एकीकडे वाग्नर गात तिने काही दिवसांत नवा रोल बसवला आणि 19 जानेवारीला गायला. एकाच गळ्यातून ही दोन्ही कामं होतात यावर लोकांचा विश्वास बसेना. पुढच्या वर्षी मेक्सिको सिटीत 'आयदा'मध्ये व्हर्दीने लिहिलेलाच नसलेला वरचा ई फ्लॅट तिने ठोकून दिला. त्याची फ्रिक्वेन्सी साधारण 1245 हर्ट्‌झ, म्हणजे स्वरतंतू सेकंदाला तितक्या वेळा आपटतात. मटेरियल टेस्टिंगच्या प्रॅक्टिकलला बसलेल्यांना फटीग हा शब्द आठवला असेल. मलाही तोच आठवला.

1951 मध्ये मिलानच्या ला स्कालाचा सीझन तिने उघडला. 1953-54 च्या सुमारास तिने तीसहून जास्त किलो वजन उतरवलं, आणि पन्नाशीचं दशक संपता संपता वरचे स्वर थरथरायला लागले. 2 जानेवारी 1958 ला रोममध्ये इटलीचे राष्ट्राध्यक्ष समोर बसलेले असताना तिचा आवाज बसला. पहिल्या अंकानंतर ती परत स्टेजवर आलीच नाही. पेपरांनी नखरे म्हणून झोडपलं. आपल्याला निदान मेडिकल सर्टिफिकेट तरी चालतं! शेवटचा ऑपेरा 1965 मध्ये लंडनला, 'तोस्का'. तेव्हा ती 41 वर्षांची होती. आपल्याकडे त्या वयात गायिका कुठे पिकायला लागते.

का झालं असं? कोणी म्हणतं वजन घटल्यामुळे श्वासाचा आधार गेला. कोणी म्हणतं ओनासिस या जहाजवाल्या श्रीमंताच्या नादाने (तो किस्सा गुगल करा, मला त्यात रस नाही). 2010 मध्ये इटलीच्या दोन आवाजतज्ज्ञांनी तिच्या रेकॉर्डिंग्जचे स्पेक्ट्रोग्राम तपासून स्नायू दुबळे करणाऱ्या डर्माटोमायोसायटिस या आजाराकडे बोट दाखवलं. ते सगळ्यांना पटलेलं नाही. मला वजनाची थिअरी जरा जास्तच सोपी वाटते. बाई बिघडली की आधी तिच्या वजनाकडे बघायचं, ही सवय आमच्या मेसमध्येही आहे. विशीत तिने जे ओझं वाहिलं, ते का कोणी मोजत नाही?

1977 मध्ये पॅरिसला ती गेली, वय फक्त 53.

1953 चं 'तोस्का'चं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, पेन ड्राइव्ह घेऊन या. पहिल्यांदा आवाज खरखरीत वाटेल, माझ्या रूममेटला वाटला होता. दुसऱ्या अंकात तिने पुस्तक मिटलं आणि 'परत लाव' म्हणाली. फक्त रात्री अकरानंतर मागू नका, रेक्टर मॅडम जाग्या होतात.