निसर्ग पाहायला ताम्हिणी गाठावी लागत नाही

पावसाळ्यातल्या रविवारी ताम्हिणी आणि माळशेजला गाड्यांची रांग लागते. निसर्ग म्हणजे घाट, धबधबा नाहीतर अभयारण्य, ही समजूत इतकी पक्की आहे की घरासमोरच्या करंजाकडे मान वर करून पाहणं राहूनच जातं.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये सुमारे १,३०० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसातून अनेकदा मोबाइलवर विचारलं जाई: आत्ता पक्षी दिसतोय किंवा ऐकू येतोय का? मन कसं आहे? पक्ष्यांची चाहूल लागली तेव्हा लोकांना अधिक बरं वाटत होतं. नैराश्याचं निदान झालेल्यांनाही. हे सगळे रोजच्या धावपळीतले क्षण होते.

‘पण निसर्गासाठी वेळ कुठून आणायचा?’ इंग्लंडमधल्या जवळपास २०,००० लोकांच्या २०१९ च्या पाहणीत, आठवड्याला किमान दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि समाधान अधिक चांगलं आढळलं. ते दोन तास सलग असोत की तुकड्यातुकड्यांनी, फरक पडला नाही. अर्थात, मुळात धडधाकट माणसंच जास्त बाहेर पडत असतील, हीही शक्यता आहे. म्हणून निसर्गाला औषध म्हणणं मला पटत नाही. नैराश्यावर डॉक्टरांचे उपचार हवेतच.

सर्वांत घट्ट गैरसमज मात्र वेगळाच: निसर्ग आवडला की तो जपला जातो. तसं असतं तर धबधब्यांखाली प्लास्टिकचा खच पडला नसता. जपणूक ओळखीतून येते. महाराष्ट्रात शहरातलं झाड तोडण्याआधी त्यावर नोटीस लावावी लागते, नागरिकांना हरकत घेता येते. पण ती नोटीस वाचणार कोण? त्या झाडावर तांबट पक्ष्याची ढोली आहे हे ज्याला ठाऊक आहे, तोच थांबून वाचेल.

आणि ‘आपल्या पाहण्याला काय किंमत?’ भरपूर! २०२३ चा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल ३०,००० हून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. त्यांतले बहुतेक हौशी. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरवता आला, त्यांतल्या ६० टक्के घटताना दिसल्या. शेताकडेच्या तारेवर हमखास दिसणारा नीलपंखही घटतोय, हे अशाच नोंदींतून कळलं. झाडांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘सीझनवॉच’ या उपक्रमात तर पक्षी ओळखता येण्याचीही अट नाही. आंबा किंवा बहावा, एक झाड निवडायचं आणि आठवड्याला एकदा पालवी, फुलं, फळं आहेत का ते नोंदवायचं.