कांड्या फुल्ल, बॅटरी गुल!

कर्जत म्हटलं की ऑफिसातल्या दहापैकी नऊ जणांना धबधबे, फार्महाउस आणि मुंबईची लोकल आठवते. सॉरी मंडळी, ते रायगडचं कर्जत! मी म्हणतेय ते अहिल्यानगर जिल्ह्यातलं, म्हणजे आपल्या जुन्या नगर जिल्ह्यातलं. इथे पाऊस हात राखून पडतो, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि रेहेकुरीच्या माळावर काळविटं उड्या मारतात. आणि समुद्र? तो सरळ रेषेत मोजला तरी दोनशे किलोमीटरहून लांब.

अशा या कर्जतमध्ये बसून मी बोटीवरच्या वॉकीटॉकीची बॅटरी कशी सांभाळायची याचं फुल टू लेक्चर ऐकलं. लेक्चर देणारा माझा मावसभाऊ. तो मर्चंट नेव्हीत थर्ड ऑफिसर आहे. सहा महिने पाण्यावर, मग सुट्टीत थेट दुष्काळी तालुक्यात!

‘पण आम्ही एसीत बसून एक्सेल शीट भरणारी माणसं, आम्हाला याचं काय?’ असं वाटत असेल तर जरा खिसे चाचपा. मोबाइल, इअरबड्स, स्मार्टवॉच, बॅगेत लॅपटॉप आणि पॉवर बँक. या सगळ्यांत जी लिथियम-आयन बॅटरी असते, तीच आजच्या बहुतेक सागरी वॉकीटॉकींतही असते. फरक एवढाच, की आपली बॅटरी दगा देते तेव्हा कॅब बुक होत नाही. तिकडे दगा दिला तर जीव जाऊ शकतो.

ना टॉवर, ना बॅलन्स

हातात मावणाऱ्या या सेटला म्हणतात हँडहेल्ड व्हीएचएफ. त्याला मोबाइल टॉवर लागत नाही, सिमकार्ड लागत नाही. चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, ही जगभरच्या समुद्रावरची हाकेची आणि संकटाची वाहिनी. मोबाइलवर आपण एकाला फोन लावतो आणि तो उचलेल अशी आशा करतो. इथे बटण दाबून बोललं की टप्प्यातल्या त्या चॅनलवरच्या प्रत्येक बोटीला ऐकू जातं. टप्पा मात्र छोटा. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, त्यामुळे पाण्यालगत बसलेल्या दोन माणसांमध्ये जेमतेम काही सागरी मैल.

म्हणजे मदत जवळ येईपर्यंत सेट चालू राहायला हवा. आणि मदतीला वेळ लागतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. वाचलेल्यांतले कित्येक जण नौदलाच्या जहाजांनी उचलेपर्यंत तासन्‌तास खवळलेल्या पाण्यात तरंगत होते.

पाण्याचं भय कर्जतलाही परकं नाही बरं का. अष्टविनायकांतलं सिद्धटेक आमच्याच तालुक्यात. पूल होण्याआधी भाविक शिरापूरकडून होडीने भीमा ओलांडून यायचे. तीच भीमा पुढे उजनीच्या फुगवट्यात समुद्रासारखी पसरते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट याच पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली. सहा जण गेले, एक जण पोहत काठाला लागला. वॉकीटॉकी असता तर काय झालं असतं, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण शांत पाणी किती पटकन पालटतं, ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

हात लावायचा नाही अशी बॅटरी

दादाने सांगितलेली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे जहाजावरचा दोन बॅटऱ्यांचा फंडा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ५०० टन आणि त्यावरच्या मालवाहू जहाजावर जीवरक्षक नौकांसाठी असे किमान तीन सेट ठेवावे लागतात. सेटच्या रोजच्या सरावासाठी रिचार्जेबल बॅटरी वापरतात. पण खऱ्या संकटासाठी वेगळी बॅटरी असते. ती रिचार्ज होतच नाही! तिला सील असतं, तिच्यावर एक्स्पायरी डेट छापलेली असते आणि ठरलेल्या वापराने ती किमान आठ तास चालावी लागते.

मी विचारलं, “रिचार्जेबलच आठ तास चालणारी ठेवली तर?”

“अगं, जी रोज वापरली, तिच्यात नेमका किती जीव उरलाय हे वरून कसं कळणार?” दादा म्हणाला. “सील तुटलेलं नाही, तारीख उलटलेली नाही, एवढं पाहिलं की त्या बॅटरीची खात्री. रिचार्जेबलची खात्री मात्र आपल्यालाच करून घ्यावी लागते.”

कांड्यांवर भरवसा नको

आपण सगळे इथेच फसतो. स्क्रीनवर कांड्या फुल्ल दिसल्या की आपण निर्धास्त! पण साध्या सेटवरच्या कांड्या व्होल्टेज बघून अंदाज सांगतात. बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी समजा. वर्षं सरतात तसा टाकीत गाळ साचतो. टाकी काठोकाठ भरलेली दिसते, पण पाणी निम्मंच असतं. ‘फुल चार्ज’ आणि ‘फुल क्षमता’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यात वॉकीटॉकीचा स्वभाव असा की नुसतं ऐकताना तो कमी वीज खातो आणि बोलायचं बटण दाबलं की एकदम घटाघटा पितो. म्हाताऱ्या बॅटरीचं व्होल्टेज त्या क्षणी कोसळतं. दिवसभर गुपचूप ऐकत बसलेला सेट ‘मेडे’ म्हणताक्षणी बंद पडू शकतो. जवळच्या बोटीशी बोलायचं असेल तर पाच-सहा वॉटऐवजी एक वॉटवर बोला, असं सांगतात ते म्हणूनच.

मग खात्री कशी करायची? सेट पूर्ण चार्ज करायचा, चालू ठेवायचा, अधूनमधून कमी महत्त्वाच्या चॅनलवर बोलायचं (१६ वर टाइमपास नाही!) आणि तो किती तास टिकतो ते वहीत लिहायचं. बॅटरीवर खरेदीची तारीख मार्करने टाकायची. नवी असताना बारा तास चालणारी आता सात तासांवर आली, की भावना बाजूला ठेवून नवी आणायची.

मीठ, ऊन आणि चार्जर

समुद्रावर बॅटरीचे दोन मोठे शत्रू. पहिला मीठ. खारं पाणी विजेचं वाहक. ते धातूच्या टोकांवर सुकलं की हिरवट थर चढतो, आणि चार्जरवर ठेवूनही बॅटरी भरत नाही. उपाय अगदी स्वस्त आणि मस्त. वापर झाला की बॅटरी आणि झाकणं घट्ट बसलेली असतानाच वॉटरप्रूफ सेट गोड्या पाण्याने धुवा, पुसून पूर्ण वाळवा, टोकं कोरड्या मऊ कापडाने साफ करा आणि मगच चार्जिंगला लावा. ओला सेट चार्जरवर? नो वे!

दुसरा शत्रू ऊन. इथे मात्र आम्ही कर्जतकर एक्स्पर्ट! बहुतेक लिथियम बॅटऱ्या शून्य ते ४५ अंशांच्या दरम्यान चार्ज करायच्या असतात. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हा आकडा आरामात ओलांडतो. बाइकच्या हँडलवर मोबाइल, भर दुपारी मॅप चालू आणि वर चार्जिंग... गरम होऊन तो फोन हळूहळू म्हातारा होत असतो. पूर्ण भरलेली आणि त्यात तापलेली, ही लिथियमची सगळ्यात वाईट अवस्था.

काकांच्या पंपाचा नियम वेगळा

गंमत म्हणजे दादाच्याच घरात एक बॅटरी नेमकी उलट वागते. काका लिंबांवर फवारणी करतात त्या पंपात १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी आहे. ती रिकामी ठेवली तर आत सल्फेट साचून कायमची बसते, म्हणून काम संपलं की लगेच पूर्ण चार्ज करूनच ठेवायची. लिथियम मात्र महिनोन्‌महिने नुसती ठेवायची असेल तर अर्धवट भरून, थंड आणि कोरड्या जागी.

आणि ती जुनी सांगी-वांगी? ‘नवा मोबाइल आधी आठ तास चार्ज करा’, ‘पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका’ वगैरे? हे सल्ले निकेल बॅटऱ्यांच्या जमान्यातले. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीला अर्धवट वापराची ‘सवय’ लागायची, म्हणून अधूनमधून पूर्ण उतरवणं उपयोगी ठरायचं. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बाजारात आणली, तिला ही खोड नाही. उलट, वारंवार शून्यावर नेलं तर ती लवकर थकते. त्यामुळे पहिला नियम म्हणजे बॅटरीवरचं लेबल वाचा आणि जात ओळखा!

लक्षात ठेवा

• चार्जर त्याच सेटचा किंवा कंपनीने मान्य केलेला. पिन बसली म्हणजे जोडी जमली असं नाही.
• रोजच्या वापरात २० ते ८० टक्क्यांचा पट्टा उत्तम. मात्र समुद्रावर किंवा ट्रेकला निघताना १०० टक्के भरूनच निघा.
• ठेवून दिलेली बॅटरी दर तीन महिन्यांनी तपासा. न वापरताही ती हळूहळू उतरते.
• फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच नाही. ई-कचरा केंद्रात द्या.
• विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हँडबॅगेतच. चेक-इन बॅगेत चालत नाहीत.

जहाजावरच्या त्या सीलबंद बॅटरीची आयडिया आपल्यालाही सहज जमण्यासारखी आहे. एक पॉवर बँक फक्त अडचणीसाठी बाजूला काढा. तिच्यावर तारीख लिहा, घरात सगळ्यांना बजावून ठेवा, आणि इन्स्टाग्राम बघता बघता फोन उतरला म्हणून तिला हात लावू नका. दर तीन महिन्यांनी कॅलेंडरवर रिमाइंडर लावून तिची परीक्षा घ्या. मोबाइल किती वेळा भरते ते बघा आणि वहीत लिहा. आकडा घसरला की ती रोजच्या वापराला काढायची आणि तिच्या जागी नवी ठेवायची. एखाद्या रविवारचा अर्धा तास जाईल, पण अडचणीच्या रात्री कांड्यांवर भरवसा ठेवायची वेळ येणार नाही.