दिले किती, गेले किती?

पनवेलच्या हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत जुलै २०२० मध्ये योट्टाच्या ‘एनएम१’ डेटा सेंटरचे उद्घाटन झाले. अशा ठिकाणचे सर्व्हर जगाशी बोलतात ते सॉकेटमधून. १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्सपासून रुळलेल्या या सॉकेटचा एक नियम नवख्यांना हमखास चकवतो: दिलेले सगळे बाइट एका दमात घेतले जातीलच असे नाही.

• डेटा पाठवणाऱ्या ‘सेंड’ फंक्शनला १०,००० बाइट दिले आणि उत्तर ६,००० आले, तर ती एरर नव्हे. कर्नलच्या बफरमध्ये तेवढीच जागा होती. नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर हे नेहमीचेच.

• उरलेले ४,००० आपणच पुन्हा द्यायचे, सगळे संपेपर्यंत लूपमध्ये. पहिल्यापासून पाठवले, तर ६,००० बाइट दोनदा जातात.

• उत्तर उणे एक आणि एरर ‘ईअगेन’ आली, तर बफर भरला आहे. लूप नुसता फिरवत ठेवला, तर सीपीयू फुकट जळतो. जागा झाल्याची खबर ‘पोल’ किंवा ‘ईपोल’कडून घ्या.

• पायथनचे ‘सेंडऑल’ हा लूप स्वतः चालवते. मात्र मध्येच एरर आली, तर किती बाइट गेले हे ते सांगत नाही.

• पूर्ण आकडा आला, तरी डेटा आपल्याच कर्नलच्या हवाली झालेला असतो. पैशांचा व्यवहार असेल, तर समोरच्या प्रोग्रामकडून पोच घ्या.