चेष्टा कुठे संपते?

पाथर्डी-जामखेड भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि कितीतरी मुलं वसतिगृहात किंवा आजीजवळ मागे राहतात. दादागिरीला अशी मुलं सोपी सापडतात, कारण तक्रार घेऊन जायला जवळ कुणी नसतं.

नॉर्वेचे संशोधक डॅन ओल्वेअस यांनी दादागिरीच्या तीन खुणा सांगितल्या: त्रास मुद्दाम दिलेला, वारंवार होणारा, आणि समोरच्याला प्रतिकार जड जावा असा. दोन मित्रांची मारामारी यात बसत नाही. रंगावरून, जातीवरून रोज ठेवलेलं नाव मात्र बसतं, अंगाला बोट लागलं नसलं तरी.

परिणाम पोटदुखीपासून सुरू होतात. झोप उडते, अभ्यास मागे पडतो, शाळेचं नाव नको होतं. पुढे नैराश्यही येऊ शकतं. ‘मुलं आहेत, चालायचंच’ असं म्हणणारे मोठे लोक, माझ्या मते, निम्मं नुकसान करतात.

अशा त्रासाविरुद्धचा महाराष्ट्राचा 1999 चा रॅगिंगबंदी कायदा केवळ महाविद्यालयांपुरता नाही. वसतिगृहं आणि अनाथालयंही त्यात येतात. तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. दुर्लक्ष केलं तर गुन्ह्याला साथ दिल्याचा ठपका त्याच्यावरच येतो. लहान मुलांसाठी 1098 हा मदतीचा मोफत क्रमांक आहे.