अधूनमधून अडखळणारे इंजिन

जो दोष सदैव दिसतो तो शोधून काढणे फारसे कठीण नसते. दिवा मुळीच लागत नसेल, तर तार तुटली की बल्ब गेला हे घटकाभरात कळते. परंतु जो दोष मनास येईल तेव्हा प्रकट होतो आणि तपासणारा समोर उभा राहिला की लपून बसतो, तो भल्याभल्या जाणत्यांनाही चकवितो. मोटारीच्या इंजिनाचे अधूनमधून अडखळणे हा असाच एक दोष होय. आपल्याकडील मिस्त्री 'गाडी मिसिंग मारते' असे म्हणतात. माझ्या घरच्या कोंकणी बोलीत खोकल्याला 'खोंकली' म्हणतात. चढावर अशी गाडी ऐकू आली की मला तोच शब्द आठवतो.

२०२३ साली स्थापन झालेल्या आपल्या पांढुर्णा जिल्ह्यात हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. शेतकरी, शिक्षक, लहान दुकानदार यांच्या घरी जी पहिली मोटार येते, ती बहुधा कोणीतरी आधी वापरलेली असते. तीच संत्र्याच्या मोसमात बागेत जाते, तीच लग्नकार्याला जाते आणि प्रसंग पडला तर आजाऱ्याला घेऊन सुमारे शंभर किलोमीटरवरील नागपूर गाठते. तिने वाटेत दगा दिला तर काय होईल, हे निराळे सांगावयास नको. शिवाय अंदाजाने एकामागून एक सुटे भाग बदलीत गेल्यास काही हजार रुपये सहज निघून जातात आणि दोष मात्र जागच्या जागी राहतो. म्हणून या दोषाचे निदान कोणत्या रीतीने करावे, याचा येथे विचार करू.

प्रथम इंजिनाचे कार्य ध्यानात घेतले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये चार क्रिया क्रमाने होतात. पिस्टन खाली येताना हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. वर जाताना ते दाबले जाते. मग प्लगची ठिणगी पडून ते पेट घेते व पिस्टनला खाली ढकलते. आणि शेवटी जळालेला वायू बाहेर टाकला जातो. निकोलाउस ओट्टो या जर्मन संशोधकाने १८७६ मध्ये या तत्त्वावर चालणारे इंजिन सिद्ध केले. आज रस्त्यावर धावणाऱ्या पेट्रोलच्या मोटारी मूलतः त्याच तत्त्वावर चालतात.

आता थोडा हिशेब करू. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांत एकदा याप्रमाणे एका सिलिंडरमध्ये मिनिटाला १५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा, ठिणगी पडावी लागते. तीन सिलिंडरांच्या इंजिनात हीच संख्या सेकंदाला ७५ होते. यांपैकी काही ठिणग्या चुकल्या किंवा काही वेळा मिश्रण पेटले नाही, की गाडी हिसका देते, तिची शक्ती कमी होते आणि न जळलेले पेट्रोल धुराड्यावाटे वाया जाते.

मिश्रण पेटण्यास तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात हवा व पेट्रोल, पुरेसा दाब, आणि योग्य क्षणी पडणारी सबळ ठिणगी. हवा व पेट्रोल यांचे प्रमाण वजनाने साधारणपणे १४.७ ला १ असावे लागते. ठिणगीसाठी बॅटरीच्या १२ व्होल्टांचे कॉइलच्या साहाय्याने पंधरा-वीस हजार किंवा त्याहूनही अधिक व्होल्ट करावे लागतात. या तिन्हींपैकी एखादी गोष्ट कायमची बिघडली तर दोष कायमचा राहतो. ती काही विशिष्ट परिस्थितीतच बिघडत असेल तर दोष येतो आणि जातो. यावरून असे दिसते की, अशा वेळी पहिला प्रश्न 'कोणता भाग खराब आहे?' हा नव्हे. पहिला प्रश्न 'केव्हा?' हा होय.

वैद्यकातील एक उदाहरण पाहा. हिवताप कधी एकाआड एक दिवस येतो, तर कधी मध्ये दोन दिवस सोडून येतो. रोग्याला ज्या वेळी बरे वाटत असते त्या वेळी त्याची नाडी पाहून वैद्याला फारसे कळत नाही. इटलीतील गोल्जी या शास्त्रज्ञाने १८८० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, हिवतापाचे जंतू रक्तपेशी फोडून बाहेर पडतात त्या वेळेशी तापाची पाळी जुळते. पाळीचे वेळापत्रक हाच रोगाचा धागा ठरला. अडखळणाऱ्या इंजिनाचेही असेच आहे.

गाडी सकाळी थंड असताना, धुक्यात किंवा पावसात अडखळत असेल आणि ऊन वर आल्यावर नीट चालत असेल, तर ओलाव्याचा संशय घ्यावा. प्लगच्या जुन्या वायरींना किंवा डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाला बारीक भेगा पडलेल्या असतात. त्यांत दमटपणा शिरला की वीज प्लगपर्यंत न जाता जवळच्या धातूत उतरते. रात्री अंधारात बॉनेट उघडून दुरून पाहिल्यास अशा जागी निळसर ठिणग्या नाचताना दिसतात.

इंजिन तापल्यावरच दोष येत असेल आणि थंड झाल्यावर जात असेल, तर कॉइल, कंडेन्सर किंवा नव्या गाडीतील एखादा सेन्सर उष्णतेने हात टेकीत असावा. कार्बोरेटरच्या गाड्यांत मे महिन्याच्या उन्हात पंपातील पेट्रोलची वाफ होऊनही पुरवठा तुटतो. चढावर किंवा भरधाव जातानाच अडखळत असेल, तर ठिणगी दुबळी आहे किंवा पेट्रोल पुरेसे पोचत नाही असे समजावे. कारण जोर लागताना सिलिंडरमधील दाब वाढतो, आणि दाब जितका अधिक तितके ठिणगी पडण्यास व्होल्ट अधिक लागतात. उलट, गाडी उभी असताना अडखळते व वेगात नीट चालते, असे असल्यास कोठून तरी जादा हवा आत शिरत असण्याचा संभव असतो. खड्ड्यांतच हिसके बसत असतील, तर सैल जोड किंवा घासलेली वायर शोधावी. टाकीत पेट्रोल कमी झाल्यावर त्रास होत असेल, तर तळाचा गाळ व पाणी यांचा विचार करावा. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि फार जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या त्यासाठी बनविलेल्या नव्हत्या. हेही ध्यानात ठेवावे.

ही रीत प्रत्यक्षात कशी उपयोगी पडते, ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. सौसरजवळच्या एका संत्रा-बागाईतदाराने कार्बोरेटरची, तीन सिलिंडरांची एक जुनी गाडी घेतली होती. उन्हाळ्यात छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीच्या घाटात ती अडखळू लागे. परंतु मिस्त्रीच्या दुकानासमोर उभी केली की कशी सुरळीत चाले! प्लग बदलून झाले, कार्बोरेटर साफ झाला, नवी बॅटरीही आली. दोष गेला नाही. तेव्हा त्यांच्या दहावीत शिकणाऱ्या मुलीने एक वही केली. तिच्यात रकाने पाडले : वेळ, ठिकाण, गाडी सुरू करून किती वेळ झाला, चढ की सपाटी, हवा कशी, टाकीत पेट्रोल किती, आणि गाडी पुन्हा नीट केव्हा झाली.

तीन आठवड्यांच्या नोंदी वाचताच चित्र स्पष्ट झाले. दोष अर्धा तास गाडी चालल्यावरच येई व चढावरच येई. टाकी भरलेली असो वा रिकामी, फरक पडत नसे. घाटात वीस मिनिटे थांबले की गाडी पुन्हा चालू लागे. दुकानासमोर इंजिन फारसे तापलेले नसे व त्यावर भारही नसे. मग दोष तेथे दिसावा कसा? आता संशयित दोनच उरले : पंपात होणारी पेट्रोलची वाफ, किंवा तापलेली कॉइल.

"बाबा, दोघांनाही एकदम थंड करू नका, नाही तर गुन्हेगार कोण ते कळायचे नाही," असे त्या मुलीने सांगितले. पुढच्या खेपेस दोष येताच गाडी बाजूला घेऊन, किल्ली बंद करून, प्रथम केवळ पंपावर ओले फडके ठेवले. पाच मिनिटांनी गाडी चालवून पाहिली. दोष तसाच होता. मग फडके कॉइलवर ठेवले. पाच मिनिटांनी गाडी सुरळीत चढू लागली. परंतु हा गुण फडक्याचा की मध्ये गेलेल्या वेळाचा? म्हणून त्यापुढील खेपेस क्रम उलटा केला : आधी कॉइल. याही वेळी पाच मिनिटांतच गाडी सुधारली, आणि नुसते थांबून सुधारण्यास तर वीस मिनिटे लागत, हे वहीत लिहिलेलेच होते. शेवटी एका स्नेह्याच्या तशाच गाडीची कॉइल हिच्यात व हिची कॉइल त्या गाडीत बसविली. दोन्ही गाड्या घाटात नेल्या. खोकला आता स्नेह्याच्या गाडीला लागला! तेव्हा कोठे नवी कॉइल विकत घेतली.

या अदलाबदलीत निदानाचे मर्म आहे. एका वेळी एकच भाग हलवावा आणि दोष त्या भागाबरोबर जातो की जागेवरच राहतो ते पाहावे. पहिल्या सिलिंडरचा प्लग दुसऱ्यात घातल्यावर अडखळणेही दुसऱ्यात गेले, तर प्लग दोषी. न गेले, तर वायर व कॉइल यांकडे वळावे. यास पैसा लागत नाही. एकदम तीन भाग बदलल्याने गाडी सुधारली, तरी कोणत्या भागाने सुधारली ते कळत नाही, आणि दोन चांगले भाग भंगारात जातात.

काढलेला प्लगही पुष्कळ सांगतो. त्याचे टोक फिकट तपकिरी असले तर जळण नीट होत आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक. पांढरेफटक टोक म्हणजे पेट्रोल कमी किंवा उष्णता फार. तेलाने माखलेले टोक म्हणजे इंजिनाचे तेल वर चढत आहे. पेट्रोलने ओले टोक म्हणजे बहुधा ठिणगीच पडली नाही. ठिणगी व पेट्रोल दोन्ही ठीक असूनही एक सिलिंडर दुबळा राहिला, तर दाबमापकाने दाब मोजावा. दाब कमी भरल्यास सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतात. तो वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, न वाढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, असा तर्क करतात. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम कमी असल्यास हेड गास्केट पाहावे.

मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आणि १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या आरंभीच्या गाड्या कार्बोरेटरवर चालत. आताच्या गाड्यांत संगणक बसविलेला असतो. इंजिनाच्या दांड्याची गती क्षणमात्र मंदावली की तो कोणत्या सिलिंडरने चूक केली ते ओळखतो व तसा संकेतांक लिहून ठेवतो. 'पी ०३०२' म्हणजे दुसऱ्या सिलिंडरची चूक. परंतु ती चूक का झाली हे संकेतांक सांगत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, व्हॉल्व्ह यांपैकी कोणीही दोषी असू शकतो. मात्र बहुतेक संगणक त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे तापमान व भार यांचीही नोंद ठेवतात. ही नोंद म्हणजे त्या मुलीची वहीच होय! म्हणून मिस्त्रीने संकेतांक पुसण्यापूर्वी ही नोंद उतरवून घेण्यास सांगावे. इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला तर जोर कमी करून गाडी लवकर थांबवावी. कारण न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, आणि ते महागडे उपकरण निकामी होते.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही 'केव्हा?' हा प्रश्न विसरू नये. विकणारा पुष्कळदा आधीच इंजिन गरम करून ठेवतो. आपण बॉनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी, आपल्या देखत सुरू करावयास लावावे, निदान अर्धा तास चालवावी आणि एखादा चढ अवश्य चढवून पाहावा.

विद्यार्थिमित्रहो, एक सावधगिरी मात्र पाळा. चालू इंजिनात प्लगच्या वायरीला हात लावू नका, उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी काढून पाहू नका, आणि फिरत्या पट्ट्यापाशी सैल कपड्यांनी जाऊ नका. ती कामे मिस्त्रीकाकांची आहेत. तुमचे काम वहीचे. घरची गाडी, शेतावरचा पंप किंवा दुचाकी अधूनमधून अडखळत असेल, तर आजच रकाने पाडा आणि पंधरा दिवस प्रामाणिकपणे नोंदी करा. मिस्त्रीकाकांच्या हाती ती वही दिलीत, तर त्यांचा वेळ आणि तुमच्या वडिलांचे कष्टाचे पैसे दोन्ही वाचतील.