उभ्या झाडाचा हिशेब

संगमेश्वर तालुक्यातले हिरवे डोंगर पाहिले की पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटतं, हे सगळं सरकारी रान असणार. तसं नाही. रत्नागिरी जिल्ह्याची निम्म्याच्या आसपास जमीन झाडाखाली आहे, पण त्यात वनखात्याच्या मालकीचं जंगल फार थोडं. बाकीचं सातबाऱ्यावरचं आहे. एकेका सातबाऱ्यावर वीस-तीस नावं, आणि त्यातली निम्मी माणसं परळला नाहीतर डोंबिवलीला. ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा, जांभूळ अशी ही मिसळ झाडी राहणार की जाणार, ते या हिश्शेदारांच्या घरच्या अडचणी ठरवतात. मुलीचं लग्न निघालं, वडिलांचं ऑपरेशन आलं, की तोडीचा ठेकेदार दारात येतो आणि रोख उचल हातावर ठेवतो. लाकूड जळाऊ म्हणून ट्रकमध्ये भरतात आणि ते घाटावरच्या कारखान्यांच्या बॉयलरला जातं.

मी देवरुखची. बरीच वर्षं पुण्यात हिशेबतपासणीचं काम केलं. आता आम्ही तिघांनी मिळून गावाकडे हिरडा-बेहडा विकत घेऊन वाळवायची एक छोटी कंपनी काढली आहे. तिच्यात काही ओळखीच्या माणसांचे पैसे आहेत. त्यामुळे ‘जंगलात पैसे घालायचेत, झाडंही वाचतील आणि चार पैसे सुटतील असं काही आहे का’ असं विचारणारे फोन मला येतात. या माणसांचा हेतू चांगला असतो, म्हणूनच त्यांची फसगत झालेली मला बघवत नाही.

१९९०च्या दशकातल्या सागाच्या योजना अनेकांना आठवत असतील. काही हजार रुपये भरा, तुमच्या नावाने सागाची रोपं लावू, वीस वर्षांनी लाखो रुपये घ्या. पाणी दिलं, खत दिलं की साग वीस वर्षांत तयार होतो, असं जाहिरातीत असायचं. आपल्या जुन्या सागवनांत तोडीचं चक्र पन्नास-साठ वर्षांचं आणि त्याहूनही लांब धरतात, ते उगाच नव्हे. कोवळ्या सागात पांढरं लाकूडच जास्त निघतं. दाराच्या चौकटीला लागतं ते नाराचं लाकूड वय झाल्याशिवाय भरत नाही. आणि समजा वर्षाला १८ टक्के परतावा धरला, तर वीस वर्षांत मुद्दलाच्या २७ पट व्हायला हवेत. कुठलंही झाड या वेगाने मोल वाढवत नाही. अनेक योजना बुडाल्या, सामान्य माणसांची बचत गेली, आणि १९९९ साली सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले. आजही कुणी झाडं किंवा जमिनीचे तुकडे दाखवून लोकांकडून पैसे गोळा करत असेल, तर सेबीकडे नोंदणी आहे का, हे आधी विचारावं. आमची कंपनी खासगी आहे. तिला जाहिरात देऊन लोकांकडून भांडवल मागता येत नाही आणि आम्ही मागतही नाही.

मग कोकणातल्या खासगी जंगलात चांगला पैसा येणार कुठून? उभ्या झाडातूनच. आणि त्याबाबत बेहड्यासारखं झाड नाही. त्रिफळ्यातलं हे एक फळ. पिकलं की हिवाळ्यात आपोआप खाली पडतं, वेचायला फांदी तोडावी लागत नाही. जुना बेहडा प्रचंड वाढतो, त्याच्या खोडात ढोल्या तयार होतात आणि धनेश त्यांत घरटं करतो. मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, अंडी उबवते, आणि नर कित्येक आठवडे त्या फटीतून तिला फळं भरवत राहतो. अशी ढोली तरण्या झाडात मिळत नाही. ठेकेदाराचा डोळाही नेमका याच थोराड झाडावर असतो, कारण वजन त्याचंच जास्त.

या फळातून उभ्या जंगलाला किंमत मिळवून देता येते, हे आमच्या भागात पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ने दाखवलं. डॉ. अर्चना गोडबोले आणि जयंत सरनाईक यांच्या या संस्थेने हिरडा-बेहड्यासाठी ‘फेअरवाइल्ड’ हे प्रमाणपत्र आणलं आणि इंग्लंडच्या ‘पक्का हर्ब्स’सारख्या वनौषधी चहाच्या कंपनीपर्यंत माल पोचवला. फेअरवाइल्ड ही २००८ साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेली संस्था. रानातून गोळा होणाऱ्या वनस्पतींसाठीच तिचे निकष आहेत. कुठल्या भागातून किती फळ घेतलं याची नोंद लागते, प्राण्यांसाठी आणि रुजण्यासाठी काही फळ मागे ठेवावं लागतं, वेचणाऱ्यांना रास्त दर द्यावा लागतो. खरेदीदार वर थोडी जादा रक्कम देतो, ती वेचणाऱ्यांच्या हितासाठी वेगळी ठेवावी लागते. बाहेरचा तपासनीस येऊन हे सगळं पडताळतो.

मला यातला वेचणाऱ्यांचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. फळ वेचतात त्या बहुतेक धनगरवाड्यातल्या नाहीतर कातकरी वाडीतल्या बायका. सातबाऱ्यावर त्यांचं नाव कुठेच नसतं. जंगल वाचवण्याच्या व्यवहारात मालकाला पैसे मिळाले, शहरातल्या गुंतवणूकदाराला समाधान मिळालं आणि या बाईला जुनाच भाव मिळाला, तर त्या व्यवहाराला मी नैतिक म्हणणार नाही. आमच्याकडे तिचं वजन तिच्यासमोर होतं आणि पैसे त्याच दिवशी दिले जातात. माल विकला गेल्यावर देऊ, ही भाषा चालत नाही.

खरं भांडवल लागतं ते याचसाठी. वेचणीच्या दिवसांत रोज रोख हवी, आणि खरेदीदाराचे पैसे येतात काही महिन्यांनी. दुसरा खर्च वाळवणाचा. ओल राहिली की फळाला बुरशी धरते आणि पूर्ण खेप परत येते. चुलीच्या धुरावर वाळवलं तर धुराचा वास आणि अंश मालात उतरतो, तो परदेशी खरेदीदाराला नको असतो. म्हणून सौर वाळवणयंत्रं आणि कोरडं गोदाम. आमच्या भागधारकांशी लेखी ठरलंय की पहिली तीन वर्षं लाभांश नाही, आणि पुढेही नफ्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त वाटायचा नाही.

मालकांशी करार करायला शिमग्याशिवाय मुहूर्त नाही. पालखी घरोघर फिरते तेव्हाच सगळे हिश्शेदार गावात सापडतात. दहा वर्षं तोड करायची नाही, त्याबदली फळ येवो न येवो, दरवर्षी ठरलेली रक्कम मिळेल. यंदा एका वाडीत एका जाणत्या बापूंनी सरळ विचारलं, “ताई, ठेकेदार एका दिवसात देतो ते तुम्ही दहा वर्षांत तरी द्याल का?” जिथे हिरड्या-बेहड्याची जुनी झाडं भरपूर आहेत, तिथे आमचा हिशेब जुळतो. एकदा तोडल्यावर रान पुन्हा तोडीला यायला बरीच वर्षं जातात, आणि उभं झाड मात्र फळ देत राहतं. नुसत्या ऐन-किंजळाच्या रानात फळाच्या जोरावर तो जुळत नाही, हे मी बापूंना तिथेच सांगितलं.

त्यांच्या मनात आणखी एक भीती होती. १९७५च्या खासगी वने संपादन कायद्याने राज्यातली किती तरी खासगी वनं सरकारजमा झाली. ‘झाडी फार वाढू दिली तर सरकार घेईल’ हे वाक्य कोकणात आजही ऐकू येतं, आणि त्या धास्तीनेही कुऱ्हाड चालते. वकिलाकडून कागद तपासून घेऊन, प्रत्येक सर्व्हे नंबरची स्थिती मालकाला समजावून सांगणं, हा आमच्या खर्चातला न दिसणारा पण मोठा भाग आहे. तो कुठल्याच माहितीपत्रकात येत नाही. गुंतवणूक करू पाहणाऱ्यांनी त्याबद्दल मुद्दाम विचारावं.

ऐन-किंजळाच्या रानाचं काय, हा बापूंचा प्रश्न आमच्यापुढे आहेच. तिथे तोड न करण्याबद्दलच मालकाला मोबदला देणारं कुणी लागेल. असे संवर्धन करार संगमेश्वर भागात झालेले आहेत, पण त्यात पैसे घालणाऱ्याला परतावा मिळत नाही. आमच्या दोन भागधारकांनी त्यांना पुढे मिळेल तो लाभांश बापूंच्या वाडीसाठी वळवायची तयारी दाखवली आहे. रक्कम अजून पुरेशी नाही. पुढच्या शिमग्यापर्यंत ती जमली तर करार होईल. बापूंनी तोवर ठेकेदाराची उचल घ्यायचं थांबवलं आहे.